मुंबईला जायचंय? आधी वही काढा!

दोस्तांनो,

बाहेर ऑक्टोबरचं ऊन चटके देतंय, पंख्याखालून उठवत नाही, आणि आज मी तुमच्याशी थंडीतल्या सुट्टीच्या गप्पा मारायला बसलोय. तुम्ही म्हणाल, काकांचं डोकं फिरलं! अजून दिवाळीचा फराळ व्हायचाय आणि यांना नाताळची सुट्टी दिसायला लागली! पण थांबा. लेख संपेपर्यंत तुम्हालाच पटेल, की थंडीतल्या सहलीचं पान ऑक्टोबरातच उघडावं लागतं.

झालं असं, की गणपतीच्या दिवसांत मला एक पत्र आलं. परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यात चुडावा नावाचं गाव आहे. पूर्णा ते नांदेड या रेल्वेमार्गावरचं हे छोटंसं स्टेशन. तिथल्या आठवीतल्या एका मैत्रिणीचं ते पत्र. तिनं लिहिलं होतं, “काका, यंदा नाताळात आम्ही मुंबईला जायचं म्हणतोय. डोंबिवलीला माझी मावशी राहते. दोन दिवस आहेत. मी यादी केली आहे, ती बघून सांगा कशी वाटते.”

यादी बघून मी खुर्चीतच नीट सावरून बसलो. गेटवे ऑफ इंडिया, म्युझियम, राणीची बाग, तारांगण, विज्ञान केंद्र, घारापुरीची लेणी, हाजी अली, सिद्धिविनायक, महालक्ष्मी, जुहू, गिरगाव चौपाटी, म्हातारीचा बूट, मंत्रालय, फिल्म सिटी, वांद्र्याचा सागरी पूल, मरीन ड्राइव्ह आणि शेवटी कंसात, “एखाद्या हिरोचा बंगला”. मोजा बरं किती झाली? सतरा!

यादीखाली दोन ओळी होत्या. एक, “खर्च : बाबा बघतील.” आणि दुसरी, “आजी पण येणार आहे, पण तिचे गुडघे दुखतात. म्हणून तिला मावशीकडे बसवून आम्ही फिरू.”

पहिल्या ओळीला मी हसलो. दुसऱ्या ओळीला मात्र हसू आलं नाही. का, ते थोड्या वेळानं सांगतो. आधी सतरा ठिकाणांचा हिशोब करू या.

सतरा गुणिले दोन

मुंबईत एक ठिकाण नीट बघायला कमीत कमी एक तास लागतो. तिथून पुढच्या ठिकाणी पोचायला, बस शोधायला, रस्ता ओलांडायला, पाणी प्यायला आणखी एक तास धरा. म्हणजे एका ठिकाणाला दोन तास. सतरा ठिकाणं म्हणजे चौतीस तास! आणि तुमच्या हातात किती? सकाळी नऊ ते संध्याकाळी सात धरले तर दिवसाचे दहा, दोन दिवसांचे वीस. त्यातही जेवण आलं. घारापुरीला तर बोटीनं जाऊन लेणी बघून यायलाच अर्धा दिवस हवा.

म्हणून पहिला नियम वहीत लिहून घ्या : दिवसाला दोनच ठिकाणं. तिसरं जमलं तर बोनस!

“मग बाकीची तेरा?” ती कुठे पळून जात नाहीत. मुंबई तिथेच आहे.

मुंबईच का?

हा प्रश्न चुडाव्याच्या बाबांनीच विचारला होता म्हणे. “मोठं शहरच बघायचंय ना, मग हैदराबादला जाऊ!” आणि बाबांचं म्हणणं काही खोटं नाही. चुडाव्याहून हैदराबाद रेल्वेनं सुमारे तीनशे किलोमीटर, आणि मुंबई पावणेसहाशेच्या पुढे. म्हणजे जवळजवळ दुप्पट.

तुम्हाला एक गंमत माहीत आहे का? मराठवाड्यातल्या माणसांचं मोठं शहर पिढ्यान्‌पिढ्या हैदराबादच होतं. हा सगळा भाग निजामाच्या राज्यात होता ना! कोर्टाचं काम, शिक्षण, खरेदी, सगळं तिकडे. मनमाडपासून सिकंदराबादपर्यंतची ही रेल्वेसुद्धा निजामाच्या काळातली, १९०० साली सुरू झालेली. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. तेव्हापासून मराठवाड्याची राजधानी पूर्वेकडून पश्चिमेकडे गेली. तरी बरीच वर्षं मुंबईला जाणं सोपं नव्हतं. इकडची रेल्वे लहान रुळांची, म्हणजे मीटरगेज. मनमाडला उतरायचं, पेट्या, वळकट्या डोक्यावर घ्यायच्या आणि मोठ्या रुळांच्या गाडीत जागा मिळवायची! नव्वदच्या दशकात रूळ बदलले आणि मग इकडची गाडी थेट मुंबईला जायला लागली.

तर हैदराबादमध्ये १५९१ चा चारमिनार आहे, गोवळकोंड्याचा किल्ला आहे, सालारजंग म्युझियम आहे. जायलाही सोपं. मग निवड कशी करायची? अशा वेळी एकच प्रश्न विचारायचा : आपण कशासाठी चाललोय? जी गोष्ट इथेही मिळते आणि तिथेही, तिच्यासाठी लांब जाऊ नये. जी फक्त तिथेच आहे, तिच्यासाठी जावं.

मी तिला उत्तर लिहिलं : “यादी छान. पण एक प्रश्न. तू आजीला विचारलंस का, की तिला काय बघायचंय?”

बाटलीतला समुद्र

आता ती दुसरी ओळ. मी तुमच्याएवढा होतो तेव्हा आम्हीही असेच मुंबईला गेलो होतो. आमचीही यादी मोठी होती. आजी घर राखायला मागे राहिली. म्हणजे ती म्हणाली, “मी कशाला? तुम्ही जाऊन या.” आणि आम्ही लगेच मान डोलावली! मला त्या सहलीतलं आज काय आठवतं, सांगू? बसच्या खिडकीतून पळणाऱ्या इमारती आणि काकांच्या खांद्यावर लागलेली झोप. बास.

येताना मी आजीसाठी औषधाच्या रिकाम्या बाटलीत समुद्राचं पाणी आणलं. आजीनं बोट बुडवून जिभेला लावलं आणि म्हणाली, “अगं बाई, खरंच खारट की रे!” आणि हसली. ती बाटली तिनं कितीतरी दिवस फडताळात ठेवली होती. तिला समुद्र भेटला तो तेवढाच. पुढे न्यायचं, न्यायचं म्हणता राहूनच गेलं.

म्हणून मी त्या ओळीवर थबकलो होतो. घरातली मोठी माणसं “मला काही नको” म्हणतात तेव्हा ते खरं असतंच असं नाही. पुष्कळदा त्यांना फक्त अडचण व्हायची नसते. त्यांना एकदा नाही, दोनदा विचारायचं असतं.

दुसरं पत्र

पंधरा दिवसांनी चुडाव्याहून दुसरं पत्र आलं. “काका, मी विचारलं. पहिल्यांदा आजी म्हणाली, मला काई नको माय. दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणाली, तुम्ही कुठं बी फिरा. मला एकदा समुद्र दावा. पायाला पाणी लागलं म्हंजे झालं!”

शहात्तर वर्षांची आजी. तिनं गोदावरी बघितली आहे, पूर्णा नदीचा पूर बघितला आहे. समुद्र एकदाही नाही. झाला की नाही प्रश्न निकालात? समुद्र हैदराबादला नाही. म्हणजे मुंबईच! आणि सतरा ठिकाणांच्या यादीत आता पहिलं नाव कोणतं, तेही ठरलं.

बघा हं, गंमत कशी असते. आजीला न्यायचं म्हटल्यावर सहल अवघड होईल असं वाटत होतं. पण “आजीला जमेल ते करायचं” एवढं एकदा ठरलं, की बाकीची उत्तरं पटापट सुटतात. कशी, ते बघा.

एसटी की रेल्वे?

एसटीत पंचाहत्तरी पार केलेल्यांना २०२२ पासून तिकीटच नाही आणि महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. म्हणजे आजी फुकट, आई निम्म्यात! रेल्वेत ज्येष्ठांना पूर्वी सवलत मिळायची, ती मार्च २०२० मध्ये बंद झाली ती अजून सुरू झालेली नाही. पैशांचा हिशोब एसटीच्या बाजूनं आहे.

पण दुखऱ्या गुडघ्यांनी रात्रभर पाय लोंबकळत ठेवून बसायचं? छे! रेल्वेत आजीला पाय लांब करून झोपता येईल. म्हणून रेल्वे. आरक्षणाच्या फॉर्मवर आजीचं वय लिहायचं आणि “खालचा बर्थ” अशी मागणी विसरायची नाही.

लांबची गाडी पकडायला चुडाव्याहून पूर्णा जंक्शनला जायचं. मुंबईला जाणारी देवगिरी एक्सप्रेस संध्याकाळी पूर्णेला येते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत पोचवते. मावशी डोंबिवलीला, म्हणून मुंबईपर्यंत न जाता पहाटे कल्याणलाच उतरायचं. दिवसा प्रवास हवा असेल त्यांच्यासाठी नांदेड-मुंबई तपोवन एक्सप्रेस आहे. खिडकीजवळ बसून शेतं, डोंगर, बोगदे बघत जा. इगतपुरी ते कसारा हा थळ घाट तर बघावाच. तिथे चढ एवढा आहे, की दर ३७ मीटरला गाडी एक मीटर वर चढते. मुंबईहून परत येताना ढकलायला मागे जादा इंजिनं लावतात!

वेळापत्रक दरवर्षी थोडं बदलतं, म्हणून निघण्याआधी वेळ नक्की करून घ्या. रेल्वेच्या चौकशीचा नंबर १३९.

ऑक्टोबर का? आता कळेल!

रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या किती दिवस आधी सुरू होतं? पूर्वी १२० दिवस आधी व्हायचं. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. प्रवासाचा दिवस त्यात धरायचा नाही. आता करा गणित. २५ डिसेंबरला निघायचं. डिसेंबरचे २५ दिवस मागे गेलो की ३० नोव्हेंबर. नोव्हेंबरचे ३० मागे गेलो की ३१ ऑक्टोबर. झाले ५५. राहिले ५. उत्तर २६ ऑक्टोबर! त्या दिवशी सकाळी आठ वाजता आरक्षण उघडतं. नाताळच्या गाड्या फार लवकर भरतात, म्हणून त्याच दिवशी तयार राहायचं.

आणि एक चूक हमखास होते, ती ऐका. जायचं तिकीट काढून सगळे खूश होतात आणि परतीचं विसरतात! परत २७ डिसेंबरला रात्री निघायचं, म्हणजे परतीचं आरक्षण २८ ऑक्टोबरला उघडणार. कॅलेंडरवर दोन्ही तारखांना लाल गोल करून ठेवा.

चुडाव्याच्या मैत्रिणीचा धाकटा भाऊ चार वर्षांचा आहे. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण त्याला वेगळी जागाही मिळत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर अर्धं तिकीट, बर्थ हवा असेल तर पूर्ण. तेव्हा “अजून बाराची झाली नाही” असं सांगून बर्थसकट अर्ध्या तिकिटात जायचे दिवस गेले बरं का!

खर्च : बाबा बघतील?

ही ओळ मी तिला खोडायला सांगितली. बाबा बघतील हे खरं, पण काय बघतील ते आपण मांडून द्यायला नको का? नुसतं “मुंबईला चला ना” म्हटलं की बाबांच्या डोळ्यांपुढे एक भलामोठा, आकार नसलेला खर्च उभा राहतो. मग ते “नाही” म्हणतात. आकडा समोर आला की त्यावर बोलता येतं. तिनं वहीत मांडलेला तक्ता बघा. स्लीपरचं भाडं माणशी साडेतीनशे ते चारशेच्या दरम्यान आहे, पण तिनं मुद्दाम चारशे धरलंय. हिशोबात नेहमी थोडं जास्त धरावं.

रेल्वे, चार माणसं, जाऊन येऊन : ३२०० रुपये
चुडावा ते पूर्णा आणि परत : २०० रुपये
मुंबईतली लोकल, बस, टॅक्सी : ८०० रुपये
प्रवेशाची तिकिटं : ६०० रुपये
बाहेरचं खाणं : १२०० रुपये
अडीअडचण : १००० रुपये
एकूण : ७००० रुपये

शेवटून दुसरी ओळ बघितलीत? अडीअडचण! ती ओळ ज्याच्या वहीत असते तो खरा प्रवासी. हे पैसे खर्चायचे नाहीत, पण जवळ असायचे.

राहण्याचा खर्च नाही, कारण मावशी. पण मुंबईतली घरं लहान असतात. पाच पाहुणे आले की घरच्यांना सरकून झोपावं लागतं. तेव्हा मावशीला आधी विचारायचं, नुसतं “आम्ही येतोय” म्हणून कळवायचं नाही. आणि हात हलवत जायचं नाही! आपल्याकडे काय पिकतं? ज्वारी. शाळूचं पीठ न्या, तुरीच्या शेंगा न्या. परभणीच्या कृषी विद्यापीठानं शोधलेलं रब्बी ज्वारीचं वाण आहे, नाव “परभणी मोती”. डोंबिवलीत अशा पिठाची गरम भाकरी थापली, की मावशीला माहेर आठवलंच म्हणून समजा. प्रवासात खायला दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. म्हणजे गाडीतला खर्च शून्य!

शेत कोण बघणार?

पण पैशांपेक्षा मोठी अडचण वेगळीच निघाली. डिसेंबरात गव्हाला, हरभऱ्याला पाणी द्यायचं असतं. कापसाची वेचणी चालू असते, तूर काढायला येते. आणि वीज कधी दिवसा, कधी रात्री. बाबा तीन रात्री बाहेर राहिले तर मोटार कोण चालू करणार? गोठ्यातल्या म्हशीला कोण बघणार? शहरातल्या मुलांनो, तुमच्या बाबांनी रजेचा अर्ज दिला की भागतं. शेताला रजा नसते!

यावर तोडगा कुणी काढला असेल? आजीनं! ती म्हणाली, “सावड करा की!” सावड म्हणजे काय, माहीत आहे ना? आज तू माझ्या शेतात राब, उद्या मी तुझ्या शेतात राबतो. पैशांचा व्यवहार नाही, कामाची परतफेड कामानं. तीन दिवस चुलते पाण्याची पाळी आणि म्हैस सांभाळणार. जानेवारीत चुलते लग्नाला जातील तेव्हा बाबा त्यांचं शेत बघणार. जिला “मावशीकडे बसवून” ठेवायचं होतं, तिनंच गाडी पुढे ढकलली!

समुद्र किती वाजता येतो?

आता सगळ्यात महत्त्वाचं. समुद्र काही नळासारखा दिवसभर सारखा नसतो. भरती आली की पाणी वाळूवर जवळ येतं. ओहोटी लागली की मागे सरकतं, आणि मग पाण्यापर्यंत ओल्या वाळूतून पुष्कळ चालावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या आजीसाठी कोणती वेळ हवी? अर्थात भरतीची!

भरती चंद्राच्या ओढीनं येते. दिवसातून दोनदा, साधारण साडेबारा तासांच्या अंतरानं, आणि रोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटं उशिरा. ती ओळखायची एक जुनी युक्ती कोकणातल्या लोकांना ठाऊक असते. कॅलेंडरमधली तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा. जो आकडा येईल, त्या सुमाराला पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण अंदाज पक्का! पूर्ण भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी.

आता उलटं गणित. डिसेंबरच्या शेवटी मुंबईत सहाच्या थोडं नंतर सूर्य मावळतो. आजीला साडेपाचच्या सुमाराला, ऊन उतरल्यावर, पाणी जवळ असताना चौपाटीवर न्यायचंय. तर तिथी कोणती हवी? सप्तमी! साताची पाऊणपट सव्वापाच. वर अर्धा तास धरा. चुडाव्याच्या पोरीनं कॅलेंडर उघडलं, तिथ्या बघितल्या आणि चौपाटीचा बेत बरोबर दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळी टाकला. पंचांगाचा असा उपयोग तिच्या गुरुजींनाही सुचला नसता!

पाण्यात मात्र फक्त पाय भिजवायचे. कंबरेइतक्या पाण्यात जायचं नाही, खडकावर चढायचं नाही, आणि जीवरक्षकानं शिट्टी वाजवली की मागे फिरायचं. पोहता येणाऱ्यांनीसुद्धा!

असा ठरला बेत

पहिला दिवस. पहाटे कल्याण, मग डोंबिवली. आंघोळ, नाश्ता आणि आजीला झोप. सकाळी आठ ते साडेदहा लोकलमध्ये मुंबईकडे जाणारी गर्दी असते, म्हणून निघायचं अकरानंतर. भायखळ्याला उतरून राणीची बाग, म्हणजेच वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. १८६१ साली सुरू झालेली ही बाग. जुनी मोठी झाडं, सावली, बसायला बाकं. आजी खूश! पेंग्विन आहेत, म्हणून धाकटा भाऊ खूश! त्याच आवारात डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. तिथे जुन्या मुंबईच्या, तिथल्या माणसांच्या छोट्या छोट्या प्रतिकृती बघायला मिळतात. दोन्ही बुधवारी बंद असतात हे लक्षात ठेवा. संध्याकाळची गर्दी सुरू व्हायच्या आत, चारच्या सुमाराला परत.

दुसरा दिवस. सामान घेऊनच निघायचं. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचलात की सामान अमानती खोलीत ठेवायचं. बॅगेला कुलूप हवं, नाहीतर ठेवून घेत नाहीत. मग बाहेर येऊन मागे वळून बघायचं! फ्रेडरिक स्टीव्हन्स या वास्तुविशारदाचं हे काम. १८७८ मध्ये सुरू झालं आणि पुरं व्हायला दहा वर्षं लागली. २००४ मध्ये ही इमारत जागतिक वारसा ठरली. आणि १६ एप्रिल १८५३ ला याच भागातून, बोरीबंदरहून ठाण्याला, देशातली पहिली प्रवासी गाडी निघाली होती. तिथून बसनं गेटवे ऑफ इंडिया. तो १९२४ साली पुरा झाला. २८ फेब्रुवारी १९४८ ला इंग्रजांच्या शेवटच्या पलटणीनं याच कमानीतून देश सोडला. म्हणजे ज्यांच्या स्वागतासाठी बांधला, ते त्यातूनच परत गेले! शेजारीच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. पण सगळी दालनं बघायचा हट्ट नको. दोन दालनं निवडा, नीट बघा.

आणि पाच वाजता गिरगाव चौपाटी. चर्नी रोड स्टेशन जवळ आहे, पण तिथे पुलाचे जिने आहेत. म्हणून आजीसाठी टॅक्सी. तिथे दुसरं काहीही नाही. भेळ खायची, वाळूत बसायचं, आजीला समुद्र बघू द्यायचा. तिला हवा तेवढा वेळ! नऊच्या आत स्टेशनवर, रात्रीची गाडी, सकाळी पूर्णा.

तुम्ही रविवारी जाणार असाल तर लोकलचा मेगाब्लॉक आहे का ते बघून घ्या. दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद किंवा उशिरा असतात.

पिशवीत काय?

परभणीच्या बाजूला डिसेंबरात थंडी कधी कधी दहा अंशांच्या खाली जाते. मुंबईत मात्र दुपारी घाम येतो! म्हणून स्वेटर, शाल गाडीतल्या रात्रीसाठी आणि मुंबईत साधे सुती कपडे. आजीची औषधं खालच्या बॅगेत नकोत, हातातल्या पिशवीत.

प्रत्येकाच्या खिशात एक चिठ्ठी हवी. तिच्यावर नाव, गाव, मावशीचा पत्ता आणि दोन फोन नंबर. फोनची बॅटरी संपते, चिठ्ठीची संपत नाही! चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते प्रत्येक ठिकाणी आधी ठरवा. लोकलमध्ये चढताना कुणी खाली राहिलं तर? खाली राहिलेल्यानं तिथेच थांबायचं, पुढे गेलेल्यानं पुढच्या स्टेशनवर उतरून परत यायचं. दोघंही धावले की दोघंही हरवतात. मुलांसाठी मदतीचा नंबर १०९८, कुठल्याही संकटात ११२.

आणि बाबा काय म्हणाले?

गेल्या आठवड्यात तिसरं पत्र आलं. “काका, मी वही बाबांपुढे ठेवली. त्यांनी सगळी पानं वाचली. सोयाबीनचे पैसे आले की तिकिटं काढू म्हणाले. सोयाबीन विकलं नाही तर पुढच्या वर्षी जाऊ, असंही म्हणाले. मी म्हटलं, चालेल. पण आजीला अजून काही सांगितलं नाही.”

मला तिचं ते “चालेल” फार आवडलं. हिशोब मांडणाऱ्याला “नाही” सुद्धा समजून घेता येतं. पण एक सांगू? वही हरवू देऊ नकोस. यंदा जमलं नाही, तर आकडे बदल, तारखा बदल, पण पहिल्या पानावर लिहिलेला आजीचा समुद्र तसाच राहू दे. आणि एकाच वर्षापुढे ढकलू नकोस. माझ्यासारखी बाटली आणायची वेळ तुझ्यावर यायला नको.

चला तर मग दोस्तांनो, आता तुमची पाळी! वही काढा. पहिल्या पानावर ठिकाणांची यादी करू नका. घरात जेवढी माणसं आहेत तेवढी नावं लिहा आणि प्रत्येकाला विचारा, “तुला काय बघायचंय?” आणि “मला काही नको” असं उत्तर आलं, तर दुसऱ्यांदा विचारा.

जाता जाता एक कोडं. तुम्हाला सकाळी नऊच्या सुमाराला पूर्ण भरती बघायची आहे. तर कोणत्या तिथीला चौपाटीवर जाल? उत्तर आणि तुमच्या वहीचं पहिलं पान, दोन्ही मला पाठवा. वाट बघतोय.

तुमचाच,
काका